पोट, पाठ की इम्प्लांट? स्तन काढतानाच नवा करून घेतलेल्यांचे अनुभव

माझ्या धाकट्या जावेचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. ती घरीच पोळीभाजीचे डबे करते, रोजच्या दोनशे पोळ्या. डॉक्टरांनी तीन पर्याय दिलेत आणि ती गोंधळलीय. ज्यांनी यातून काढलंय, त्यांनी घरी आल्यावर काय झालं ते लिहा.

डोंबिवली, वय ४८
माझी पाठ घेतली, एलडी फ्लॅप. पाठीचा स्नायू रक्तवाहिन्या न तोडता काखेतून पुढे फिरवतात. पाणी बाहेर काढणारी नळी निघाल्यावरही पाठीत पाणी साचायचं, तीनदा सुईने काढलं. लोकलमध्ये त्या हाताने वरची कडी धरायला चार महिने गेले. आणि एक गंमत: बरणीचं घट्ट झाकण फिरवलं की स्तन हलतो! स्नायू जुनं काम विसरत नाही.

दादर, वय ४१
डीप फ्लॅप. पोटाची कातडी आणि चरबी घेतात, स्नायू जागेवरच ठेवतात. पण बारीक रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडायच्या, त्यामुळे नऊ तास लागले. पहिल्या रात्री नर्स दर तासाला डॉपलर यंत्र लावून नव्या स्तनातल्या रक्ताचे ठोके ऐकायची. मी जागीच. "चालू आहे ना हो सिस्टर?" आठ दिवस कमरेत वाकून चालले. "पोटही फुकटात सपाट झालं," म्हणणाऱ्यांना एकदा या कमरेपासून त्या कमरेपर्यंतचा व्रण दाखवावा. पण स्तन मऊ आहे, माझा वाटतो. दिवाळीत वजन वाढलं तर तोही वाढला.

लालबाग, वय ५२
आधी एक्स्पांडर, म्हणजे कातडी हळूहळू ताणणारी पिशवी, दर पंधरा दिवसांनी त्यात सलाइन भरायचं, मग तिच्या जागी कायमचं सिलिकॉनचं इम्प्लांट. नंतर रेडिएशन लागलं. वर्षभरात स्तन दगडासारखा घट्ट होऊन वर सरकला. शेवटी इम्प्लांट काढून पोटाचंच करावं लागलं. रेडिएशनने हे होऊ शकतं, हे मला आधी कुणीच बोललं नव्हतं. राग अजून आहे.

मुलुंड, वय ३७
माझंही इम्प्लांट, रेडिएशन नाही, चौथ्या दिवशी घरी. तक्रार एकच: थंडीत तो गार पडतो. माथेरानला तर आत बर्फ ठेवल्यासारखं!

गिरगाव, वय ५५
निप्पल वाचवलं, पण स्पर्श गेला. ताई, जावेला सांगा, तिथे गरम पाण्याची पिशवी लावायची नाही. मला फोड आला तेव्हा कळलं.

धागाकर्ती
सगळं तिला वाचून दाखवलं. "पाठ नको, लाटणं कसं चालेल?" म्हणाली. रेडिएशनचं सोमवारी विचारतोय.