काजू, हापूस आणि कृषी विद्यापीठ: संशोधनावरचा खर्च वाया जातो का?

सड्यावरचा:
"कृषी विद्यापीठं म्हणजे पगार आणि परिसंवाद, शेतकऱ्याच्या पदरात काही पडत नाही," हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. माझ्या मते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नुसत्या काजूत जे केलं, तेवढ्यावरच त्यावरचा खर्च सार्थकी लागला.

वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ चं, विद्यापीठाच्या (१९७२) आधीचं. तेव्हा आपला काजू म्हणजे बी पडून आपसूक वाढलेली झाडं. एक झाड घोसांनी लगडलेलं, शेजारचं नुसतं पानांचं. केंद्रातल्या लोकांनी चांगली झाडं हेरली, संकर केले, वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. १९८१ ची 'वेंगुर्ला-४' ही मिदनापूर रेड आणि वेतोरे-५६ यांच्या संकरातून आली. १९९७ ला 'वेंगुर्ला-७' आली, बी साधारण १० ग्रॅमची. बी मोठी तर गर मोठा, आणि मोठ्या गराला दर चांगला.

जात तयार होऊन भागत नाही. बियांपासून आईसारखं झाड येत नाही, कलमच बांधावं लागतं. काजूत मृदकाष्ठ कलम (रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर बांधलेलं) आणि आंब्यात कोय कलम (कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर बांधलेलं) बसलं, म्हणून रोपवाटिकांना मोठ्या संख्येने कलमं बांधता आली. १९९० ला रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हा लावायला कलमं होती. योजनेचं श्रेय घ्यायला सगळे पुढे, कलमाची पद्धत बसवणाऱ्यांचं नाव कुणी घेत नाही. मला हे खरंच लागतं.

देवगडची_बागवाली:
काजूचं मान्य. बाकी असहमत.

माझी बाग हापूसची. साक्याने किती नुकसान होतं ते बागेत राहणाऱ्याला विचारा. फळ वरून देखणं, कापलं की आत पांढरट, आंबूस गर. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फिरकत नाही. यावर विद्यापीठाने 'रत्ना' (१९८१) आणि 'सिंधू' (१९९२) दिल्या. दोन्हींत साका नाही, सिंधूची कोय तर अगदी पातळ. पण पेटी घेणाऱ्याला हापूसच हवा. माझ्याकडची सिंधू घरात आणि पाहुण्यांत संपते. दुखणं हापूसचं होतं, औषध म्हणून दुसरा आंबा हातात दिला.

आणि आता फुलकिडे. मोहोर डोळ्यांदेखत करपतो. फवारणीवर फवारणी, तरी किडे हटत नाहीत. सल्ला कोण देतं? औषधवाला दुकानदार. विद्यापीठाचा माणूस आमच्या बागेत दिसत नाही.

खारेवारे:
ताईंशी सहमत, आणि कल्टारचंही बघा, म्हणजे झाडाची वाढ रोखणारं पॅक्लोब्युट्राझॉल. हापूस वर्षाआड धरतो म्हणून त्याची शिफारस झाली. पालवी आवरते, मोहोर लवकर येतो. पण कराराने बाग घेणारे दोन-तीन वर्षांत पैसा काढायचा म्हणून वाट्टेल तेवढं ओततात आणि झाडं थकतात. असं तंत्र लोकांच्या हाती सोडून संशोधक मोकळे होतात.

सड्यावरचा:
@खारेवारे, शिफारशीत मात्रा झाडाच्या विस्तारावरून ठरवलेली आहे, सोबत खतपाणी वाढवायलाही सांगितलंय. करारदाराने ती पाळली नाही, हा दोष करारपद्धतीचा. मालकाने करारातच मात्रा लिहून घ्यावी.

@बागवाली ताई, फुलकिड्यांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तुमचा राग रास्त आहे.

गणिती:
मग हे काम खासगी कंपन्यांना का देऊ नये? बियाण्यांत त्या करतातच की. करदात्याने का सोसायचं?

सड्यावरचा:
कारण कापसाचं संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, काजूचं कलम एकदा लावलं की तीस-चाळीस वर्षं उभं. शिवाय शेतकरी त्याच झाडाच्या काड्या कापून स्वतः कलमं बांधतो, शेजाऱ्याला देतो. यात कंपनीला काय सुटणार? रत्ना ही नीलम आणि हापूसची, आणि त्या रत्नेचाच पुन्हा हापूसशी संकर होऊन सिंधू झाली. दोन पिढ्या झाडं वाढवून, फळं चाखून पारखायची. इतकी वर्षं कळ काढणारं सार्वजनिक पैशाशिवाय दुसरं कोणी मला दिसत नाही. उलट विद्यापीठात पदं रिकामी पडतात, त्यावर आपण बोलत नाही.

देवगडची_बागवाली:
पदं भरा, माझी हरकत नाही. पण भरलेला माणूस प्रयोगशाळेत बसवू नका. नोव्हेंबर ते मार्च त्याची बैठक देवगडात, राजापुरात, बागांमध्ये हवी. कुठल्या औषधाला किडे दाद देत नाहीत हे आमच्याच झाडांवर तपासा, आणि पुढची फवारणी घ्यायच्या आधी आम्हाला कळवा. तोवर माझं मत बदलणार नाही.

सड्यावरचा:
ही मागणी लेखी द्या. खाली माझीही सही घ्या.