मदत हवी आहे: ऑफिसच्या फायली एकाच्या खाजगी जीमेलवर

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे. कास्टिंगची ड्रॉइंग, तपासणीचे रिपोर्ट सगळं गूगल ड्राइव्हवरच्या एका शेअर्ड फोल्डरमध्ये. पण फाइल ज्यानं टाकली, मालकी त्याचीच आणि जागाही त्याच्याच 15 जीबीतून जाते. आमचे क्वालिटीचे दादा महिनाअखेर नोकरी सोडतायत. निम्मे रिपोर्ट त्यांच्या खात्यावर. खातं बंद झालं की तेही गेले, आणि गिऱ्हाईक तर जुन्या हीट नंबरचा (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा क्रमांक) रिपोर्ट कधीही मागतं. दादा सगळं द्यायला तयार आहेत हो, पण नुसत्या फोल्डरची मालकी बदलून आतल्या फायलींची बदलत नाही. गूगल वर्कस्पेसच्या (गूगलची कंपन्यांसाठीची सशुल्क सेवा) शेअर्ड ड्राइव्हमध्ये मालकी संस्थेकडे राहते म्हणे, तेच घ्यावं असं मला वाटतं. खाजगी खात्यातून तिकडं कुणी फायली हलवल्यात का? जुन्या लिंक चालू राहिल्या का? कृपया सांगा.