मुलासाठी ऑक्युपेशनल थेरपी : सरकारी विमा योजनेत खर्च मिळतो का?

कृष्णाकाठ :

नमस्कार. आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. आमचा मुलगा साडेचार वर्षांचा असून त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे गेल्या वर्षी निदान झाले. तो चमचा अजून मुठीत धरतो, शर्टाचे बटण त्याला लावता येत नाही आणि मिक्सरचा आवाज झाला की कानांवर हात ठेवून कोपऱ्यात जाऊन बसतो. डॉक्टरांनी आठवड्यातून तीन वेळा ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीचा उपचार, करायला सांगितली आहे. खासगी ठिकाणी एका सत्राचे ५०० रुपये घेतात, म्हणजे महिन्याला सहा हजार. आमच्याकडे केशरी शिधापत्रिका आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा खर्च बसतो का, आणि त्या योजनेतला थेरपिस्ट जवळपास कसा शोधायचा, हे कृपया कोणी सांगेल का?

आबासाहेबांचा नातू :

फुले योजनेची मांडणी रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी केलेली आहे. शस्त्रक्रिया किंवा ठरवून दिलेले उपचार अंगीकृत (योजनेत सामील असलेल्या) रुग्णालयात होतात आणि पैसे थेट रुग्णालयाला मिळतात. घरून जाऊन-येऊन वर्षभर चालणारी थेरपी त्यात बसत नाही, त्यामुळे ‘योजनेतला थेरपिस्ट’ शोधण्यात वेळ घालवू नका. खात्री करायची असेल तर अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा किंवा १५५३८८ या क्रमांकावर फोन करा.

तुमच्या कामाची योजना वेगळी आहे, तिचे नाव निरामय. ती राष्ट्रीय न्यास (केंद्र सरकारची संस्था) चालवतो आणि स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर होणारा परिणाम), बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता या चारच गटांना ती लागू आहे. संरक्षण वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत असले तरी थेरपीसाठी त्यात वेगळी आणि बरीच लहान मर्यादा ठरवलेली आहे, म्हणून सगळा खर्च निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. मात्र थेरपिस्ट कोणत्या यादीत आहे हा प्रश्नच येथे उरत नाही. पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर दाव्यातून परत मागायचे, असा व्यवहार आहे. अपंगत्व प्रमाणपत्र नसेल तर सर्वांत आधी त्याच्या मागे लागा. त्याशिवाय पुढचे काहीच हलत नाही. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते, आणि दरवर्षी नूतनीकरण करायला विसरू नका.

चिमटीतला वाटाणा :

मी स्वतः ऑक्युपेशनल थेरपीच्या व्यवसायात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. विम्याच्या आधी मोफत सेवा पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयाच्या आवारात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. तुमच्या अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाकडून तेथे जाण्याची चिठ्ठी मिळू शकते. जाण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : ऑक्युपेशनल थेरपिस्टचे पद सध्या भरलेले आहे का, आणि ते कोणत्या वारी बसतात? पद रिकामे असेल तर एसटीचे भाडे आणि दिवस दोन्ही वाया जातात.

मुंबईत केईएम, सायन आणि नायर ही रुग्णालये, तसेच नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे या विषयाचे शिक्षणच दिले जाते, त्यामुळे बाह्यरुग्ण विभागही चालतो. केईएममध्ये तर हे काम १९५० पासून, भारतात या विषयाचा पाया घालणाऱ्या कमलाताई निंबकरांनी सुरुवात केल्यापासून चालू आहे. कराडहून दर आठवड्याला मुंबई गाठणे शक्य नाही, हे मला कळते. पण तीन-चार महिन्यांतून एकदा सविस्तर तपासणी करून घरी करायचा कार्यक्रम लिहून आणता येतो. चमच्याच्या दांड्याला जुने कापड घट्ट गुंडाळून तो जाड करणे, वाटीतले वाटाणे चिमटीने उचलायला लावणे, भाकरीच्या पिठाचा गोळा मळायला देणे, हे घरातले काम सत्राइतकेच मोलाचे असते.

खासगी थेरपिस्ट निवडताना मात्र महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार (म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी) व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक अवश्य मागा. काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करून पाटी लावणारेही आढळतात.

दोन मुलींची आई :

वरच्या सूचनेला माझा अनुभव जोडते. आमचा निरामयचा पहिला दावा परत आला, कारण पावतीवर केवळ ‘थेरपी, चार हजार’ एवढेच लिहिले होते. आता मी प्रत्येक पावतीवर मुलीचे पूर्ण नाव, सत्रांच्या तारखा, थेरपीचा प्रकार, नोंदणी क्रमांक आणि शिक्का असल्याशिवाय केंद्रातून बाहेर पडत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रतही सोबत लावते. आणखी एक : सरकारी रुग्णालयात चौकशी करताना ‘ओटी कुठे आहे’ असे विचारू नका, कारण ऑक्युपेशनल थेरपीप्रमाणे ऑपरेशन थिएटरलाही ‘ओटी’च म्हणतात. आम्हांला एकदा थेट शस्त्रक्रियागृहाच्या दारात नेऊन उभे केले होते.

कृष्णाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. प्रमाणपत्राचा अर्ज अजून केलेलाच नव्हता, तो या सोमवारी करतो. जिल्हा रुग्णालयात फोन लावला होता. थेरपिस्ट मंगळवारी आणि शुक्रवारी असतात असे कळले. चमच्याला मात्र आजच कापड गुंडाळले आहे.