प्रतिसाद: सांतियागो ते ब्युनोस आयरिस – तिकिटावरचे तास आणि प्रत्यक्ष उड्डाण

चिलीची राजधानी सांतियागो आणि अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयरिस यांच्यातील विमानप्रवासाला किती वेळ लागतो, या प्रश्नावर चर्चा चालू आहे. दोन्ही शहरांमधले हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आणि उड्डाण साधारण दोन तासांचे, हे त्यावर आधी आलेले उत्तर बरोबर आहे. मात्र तिकिटावर सांतियागोहून जाताना तीन तास आणि परतताना जेमतेम सव्वा तास दिसतो, म्हणजे परतीचे विमान अधिक वेगवान असावे, हा त्यापुढचा तर्क मला पटत नाही. खरे तर स्थिती उलटी आहे. अँडीज पर्वतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे पूर्वेकडे, म्हणजे ब्युनोस आयरिसला, निघालेल्या विमानाला मागून रेटतात, त्यामुळे ब्युनोस आयरिसहून सांतियागोला येतानाच प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागतो. तिकिटावरचा गोंधळ घड्याळाचा आहे: अर्जेंटिना वर्षभर ग्रीनिचपेक्षा तीन तास मागे असतो, तर चिली एप्रिलच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, चार तास मागे जातो आणि उन्हाळ्यात पुन्हा तीनवर येतो. हिवाळ्यातल्या या एका तासाच्या फरकाने तिकिटावर जातानाचा वेळ वाढलेला आणि परतीचा कमी झालेला दिसतो. त्यामुळे जानेवारीत प्रवास करणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही.

विमानतळ कोणता, हा मुद्दा चर्चेत राहून गेला आहे. ब्युनोस आयरिसच्या दोन विमानतळांपैकी एसेइसा शहराच्या मध्यापासून तीसेक किलोमीटरवर आहे, आएरोपार्के मात्र नदीकाठी शहरातच आहे, आणि सांतियागोची विमाने दोन्हीकडे उतरतात. वाऱ्यामुळे वाचलेली दहा-पंधरा मिनिटे एसेइसाच्या रस्त्यावर सहज खर्ची पडतात, म्हणून भाड्यात फारसा फरक नसेल तर आएरोपार्केच निवडावे.