बल्बचा रेझिस्टन्स मोजला तर वेगळा, गणितातून वेगळा. मग वॅट कुठून काढायचे?

नवी_तार
नमस्कार मंडळी, माझ्याकडे १२ व्होल्टचा फिलामेंटवाला बल्ब आहे, गाडीच्या इंडिकेटरला असतो तसला, वर २१ वॅट लिहिलंय. पॉवर सप्लायला जोडला, मीटर सिरीजमध्ये टाकून करंट बघितला तर १.७५ अँपिअर, बल्बच्या टोकांवर व्होल्टेज बरोबर १२. म्हणजे रेझिस्टन्स १२ ÷ १.७५ = ६.८६ ओहम आणि पॉवर १२ × १.७५ = २१ वॅट, इथपर्यंत सगळं जुळतंय. मग बल्ब काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवून थेट मोजला तर ०.८ ओहम!! त्यावरून पॉवर काढली तर १२ × १२ ÷ ०.८ म्हणजे १८० वॅट. दुसऱ्या मीटरने पण तेच येतंय. बल्ब तोच, नियम तोच, मग आकडा कुठला धरायचा? आणि पॉवरचे तीन फॉर्म्युले आहेत ना (व्होल्टेज × करंट, करंटचा वर्ग × रेझिस्टन्स, व्होल्टेजचा वर्ग ÷ रेझिस्टन्स), त्यातला कधी कुठला लावायचा तेही सांगा.

कॉइल_आणि_कोअर
६.८६ बरोबर आहे, पण तो पेटलेल्या बल्बचा. ०.८ हा गार बल्बचा. फिलामेंट टंगस्टनची असते आणि पेटल्यावर ती अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, धातू तापला की रेझिस्टन्स वाढतो आणि इथे तर तो दहा-पंधरा पट वाढतो. ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम तापमान तेच राहिलं तर करंट व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो असं सांगतो, ही अट शाळेत पाठ करतात आणि गणितात विसरतात. तुम्ही १२ व्होल्ट गरम बल्बचे घेतले आणि ०.८ ओहम गार बल्बचे, म्हणून १८० आले. व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स तिन्ही एकाच वेळचे हवेत.

ब्रेडबोर्ड९
वरचं बरोबर, त्यात एक भर. ते ०.८ पण सगळं बल्बचं नाही, मीटरच्या दोन्ही पिना एकमेकांना टेकवून बघा, ०.२-०.३ ओहम तिथेच दिसेल, तो वायरींचा रेझिस्टन्स आहे, तेवढा वजा करा. म्हणजे बल्ब साधारण ०.५ चा. आणि हा गार आकडा फुकट नाही हां, स्विच दाबल्या क्षणी बल्ब गारच असतो, तेव्हा १२ ÷ ०.५ म्हणजे २४ अँपिअरपर्यंत झटका जाऊ शकतो (सप्लाय आणि वायरी तेवढा देऊ शकल्या तर), मग काही मिलिसेकंदात फिलामेंट तापते आणि करंट खाली येतो. जुने बल्ब बऱ्याचदा लावतानाच का उडतात ते यातच आहे. फ्यूज आणि स्विच निवडताना हे लक्षात घ्यावंच लागतं.

नवी_तार
पिना टेकवल्या तर ०.३ दाखवतोय, म्हणजे ०.५ च निघाला! आता फॉर्म्युल्यांचं सांगा ना कोणीतरी.

कॉइल_आणि_कोअर
तिन्ही एकच आहेत, व्होल्टेज = करंट × रेझिस्टन्स हे आत घातलं की एकातून दुसरा निघतो. व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजलेत तर सरळ गुणाकार करा, रेझिस्टन्सच्या भानगडीत पडूच नका. बाकी दोघांत लोक कुठे फसतात तर वायरीत. समजा बल्बपर्यंतच्या वायरीचा रेझिस्टन्स ०.२ ओहम आहे आणि वायर किती तापेल ते काढायचंय, कोणी १२ × १२ ÷ ०.२ करतो आणि ७२० वॅट आले म्हणून घाबरतो. अहो पण ते १२ व्होल्ट वायरीच्या दोन टोकांमध्ये नाहीतच, ते बल्बवर आहेत! वायरीतून करंट १.७५ जातोय हे नक्की माहितीये, म्हणून १.७५ × १.७५ × ०.२ = ०.६१ वॅट. वायरीवर पडणारं व्होल्टेज फक्त ०.३५. ज्या वस्तूची पॉवर काढायची तिच्याच दोन टोकांमधलं व्होल्टेज, एवढं सांभाळलं तर तिन्ही फॉर्म्युले एकच उत्तर देतात.

ब्रेडबोर्ड९
@नवी_तार खात्री करायची असेल तर १० ओहम ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर घ्या आणि ३ व्होल्ट, मग ६ व्होल्ट द्या. करंट ०.३ आणि ०.६ अँपिअर येईल, रेझिस्टन्स दोन्ही वेळा १० च्या जवळपासच. पण पॉवर ०.९ वरून ३.६ वॅट, व्होल्टेज दुप्पट तर पॉवर चौपट. त्याला १२ व्होल्ट देऊ नका, १४.४ वॅट होतात आणि तो ५ चाच आहे, जळेल. आणि मीटर मिलिअँपिअरमध्ये दाखवत असेल तर आधी हजाराने भागायचं, ५ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर म्हणजे २५० ओहम, ०.२५ नाही. अजून एक, चालू सर्किटवर मीटर ओहमला कधीच लावू नका.

रोटर_स्टेटर
मोटरला हे लावायला जाऊ नका मात्र. डीसी मोटर फिरताना स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, त्यामुळे व्होल्टेज ÷ करंट केलं तर वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा) खरा रेझिस्टन्स येत नाही, बराच मोठा येतो. व्होल्टेज × करंट केलं तर आत जाणारी पॉवर बरोबर येते, त्यातली उष्णता किती हे वाइंडिंगचा रेझिस्टन्स वेगळा मोजून करंटच्या वर्गाने गुणायचं. एसीवर तर पॉवर फॅक्टरही (व्होल्टेज × करंटमधला किती भाग खरी पॉवर आहे ते) मध्ये येतो, पण तो धागा वेगळा काढा.

नवी_तार
रेझिस्टर अजून आणला नाही पण बल्बलाच ६ व्होल्ट देऊन बघितले. करंट अर्धा म्हणजे ०.८८ यायला हवा होता, आला १.२! रेझिस्टन्स ५ ओहम, पॉवर ७.२ वॅट.

कॉइल_आणि_कोअर
अगदी बरोबर. रेझिस्टन्स ६.८६ च राहिला असता तर पॉवर २१ ची पाव, सव्वापाच वॅट झाली असती. फिलामेंट कमी तापली, रेझिस्टन्स उतरला, म्हणून दोन वॅट जास्त ओढतोय. आता २, ४, ८, १० व्होल्टला पण घ्या आणि ग्राफ काढून इथे टाका, प्रत्येक वेळी बल्ब स्थिर झाल्यावरच रीडिंग घ्या.