प्रतिसाद: पुण्याहून जळगावला, आपल्यासारखी माणसं भेटतील का?

मुलांसकट जळगावला शिफ्ट होताय आणि वाचणारी माणसं मिळतील का अशी काळजी वर लिहिलीय तुम्ही, तर अहो नक्की मिळतील! आधी जळगावातल्या व. वा. वाचनालयाचे मेंबर व्हा. जिल्ह्यातलंच अमळनेर गाव सुरत रेल्वे लाईनवरच आहे, तिथलं तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, १९१६ चं आणि २०२४ चं साहित्य संमेलनही तिथेच झालं, म्हणजे वाचनाची आवड इथे मुरलेलीय. पण खरी ओळख होते हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीला, काड्यांवर वांगी भाजायची, हिरवी मिरची-लसूण घालून लाकडानं ठेचायची, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. कोणी बोलावलं तर वहिनींना, पोरांना घेऊनच जा, आणि इथली अहिराणी बोली कळली नाही तर बिनधास्त विचारा, लोक आनंदाने सांगतात.