मदत हवी आहे: वडिलांसाठी रजा मिळत नाही

रेवती_पुणे: बाबांना १९ तारखेला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, नाकात नळी आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ उंच करून नळीतून गाळलेली पेज द्यायची, मग लॅपटॉप उघडायचा. एचआर म्हणतात, आईवडिलांसाठी वेगळी रजाच नाही. कायद्यात काहीतरी असेलच ना? सोमवारी उत्तर द्यायचं आहे, लवकर सांगा.

सह्याद्री७१: ७३० दिवस मिळतात. बिनधास्त अर्ज करा.

मैत्रेयी: दादा, ती केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची बालसंगोपन रजा, मुलांसाठी. आईवडिलांसाठी तिथेही वर्षाच्या ३० अर्जित, २० अर्धपगारी, ८ नैमित्तिक अशा नेहमीच्या रजांतूनच घ्यावी लागते. जुलै २०२५ मध्ये मंत्र्यांनी राज्यसभेत हेच सांगितलं. रेवती, नोकरी सरकारी की खासगी?

रेवती_पुणे: खासगीच हो, एचआर म्हटलं ना!

जुना_कामगार: माणसं किती? तुमचं पद काय? वीस किंवा जास्त कामगार असतील तर महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा (सीएल). वर्षात २४० दिवस भरले तर दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा, ४५ पर्यंत साठते. व्यवस्थापक किंवा पर्यवेक्षक असाल तर मात्र हे लागू नाही.

आशा_नाशिक: नोकरी सोड गं. मी सासूबाईंसाठी सोडली. आईबाप पुन्हा मिळत नाहीत.

मैत्रेयी: आशाताई, पगार थांबला तर औषधं कशातून आणायची? रुग्णसेवा ब्युरोची बाई ठेव, रेवती.

आशा_नाशिक: आमच्याकडच्या बाईने सासूबाईंना आडवं असतानाच नळीतून दूध दिलं. केवढा ठसका लागला! तुम्ही नव्हतात तिथे.

हिशेबनीस: आयकराच्या जुन्या करप्रणालीत साठीपुढच्या, विमा नसलेल्या आईवडिलांचा औषधखर्च करपात्र उत्पन्नातून ५०,००० रुपयांपर्यंत वजा होतो. बिलं जपा.

रेवती_पुणे: कराचं नंतर बघेन. आम्ही साठ जण आहोत. मी टीम लीड, हाताखाली चौघं. म्हणजे मला काहीच नाही का?

जुना_कामगार: हे आधी सांगायचं ना. कायद्याबाहेरच्या पदांची यादी कंपनीने संकेतस्थळावर लावायची असते, तुमचं पद त्यात आहे का बघा. नसेल तर शिल्लक रजेचा आकडा लेखी मागा. त्याच मेलमध्ये तीन महिने घरून काम मागा आणि रोजच्या कोणत्या वेळा मोकळ्या हव्यात तेही लिहा. तोंडी काही बोलू नका.

रेवती_पुणे: २३ शिल्लक आहेत. मेल आज रात्रीच लिहिते. आता कूस बदलायची वेळ झाली.

आशा_नाशिक: एअर बेड घेतलास का? पाठीला जखमा होतील, आधी तो आण.